दीक्षेची निर्जंतुक वही

लोखंडी पेटी उघडून गॅरेटने दीक्षाविधीची वही बाहेर काढली. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं, मग ती शेवटाकडून चाळली. एकशे चार पानं, सगळी कोरी. वहीला पोहण्याच्या तलावासारखा वास येत होता.

"कोल्बी," तो म्हणाला, "मार्चमध्ये तू घर निर्जंतुक केलंस. म्हणजे नेमकं काय काय केलंस?"

"सगळं. दारांच्या मुठी, नळ, टीव्हीचा रिमोट." रसायनशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेला कोल्बी मंडळाचा चिटणीस होता. "आणि ती वही. दरवर्षी चाळीस जण तिला ओठ लावतात. घरात तिच्याइतकं धोक्याचं दुसरं काही नव्हतं."

"ब्लीचमध्ये बुडवलीस?"

"दहाच मिनिटं. पाणी मोजून घातलं होतं."

"आणि शाई?"

कोल्बीने वही हातात घेतली, पान उजेडात धरलं आणि मास्क नीट केला. "शाईचं ऑक्सिडेशन झालं," तो हळूच म्हणाला.

शाई १९१२ सालची होती. वहीची नक्कल करायची नाही, फोटो काढायचा नाही, बाहेरच्या माणसाला, त्यातही बाईमाणसाला, त्यातला एक शब्दही ऐकू द्यायचा नाही, हे नियमही तेव्हाचेच. बाईच्या कानावर विधी पडला तर ती दीक्षा रद्द. त्यामुळे आयोवातल्या या फ्रॅटर्निटीचा, म्हणजे कॉलेजच्या मुलांच्या गुप्त बंधुमंडळाचा, विधी जगात एकाच ठिकाणी लिहिलेला होता, आणि आता तिथेही नव्हता.

एरवी हे हसण्यावारी नेता आलं असतं. पण महासाथीने अडतीस मुलांच्या घरात तीनच शिल्लक ठेवले होते: अध्यक्ष गॅरेट, कोल्बी आणि उमेदवार मायलो. बाकीची मुलं आपापल्या आईबापांच्या घरी बसून पडद्यावर शिकत होती. मुख्य कार्यालयाचं पत्र आलं होतं की शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत निदान एका नव्या सभासदाला दीक्षा द्या, नाहीतर शाखा बंद. घर आजारी विद्यार्थ्यांना वेगळं ठेवायला कॉलेजकडे जाईल. आज शुक्रवार होता आणि सव्वादोन वाजले होते.

मायलो फेब्रुवारीपासून उमेदवार होता. उमेदवारी सहा आठवड्यांची असते. त्याची नऊ महिने चालली होती. रिवाजाप्रमाणे सगळी न्हाणीघरं उमेदवारांनी घासायची, आणि उमेदवार तो एकटाच. त्याचं वसतिगृह आधीच रुग्णांसाठी घेतलं होतं. हे घरही गेलं, तर त्याच्यासमोर नेब्रास्कातल्या मावशीचं गॅरेज होतं.

"मी कोरीच वही ओठांना लावतो ना," तो जिन्यावरून म्हणाला. "कुणाला कळणारे?"

"शब्द कुठून आणायचे?" गॅरेट म्हणाला. "बाहेर जा तू. तुला हे ऐकायची परवानगी नाही."

गॅरेटने माजी सभासदांना व्हिडिओवर बोलावलं. एकतीस जणांना निरोप गेले, सहा जण आले. पहिले निवृत्त न्यायाधीश केंड्रिक. त्यांचं फक्त कपाळ दिसत होतं.

"आधी हात," कपाळ म्हणालं. "गुप्त हस्तांदोलनाशिवाय मी एक शब्द बोलणार नाही."

"सर, व्हिडिओवर हात कसा मिळवणार?"

"तो तुझा प्रश्न. हात कॅमेऱ्यासमोर धर. करंगळी दिसत नाहीये. जवळ घे."

"जवळ घेतला की चेहरा दिसत नाही, सर."

"चेहरा कुणाला बघायचाय!"

सहा जणांची हस्तांदोलनं हवेतल्या हवेत व्हायला पंचवीस मिनिटं गेली. मग आठवणी सुरू झाल्या. केंड्रिकना पहिल्या तीन ओळी येत होत्या. डॉक्टर हॅस्केल या दंतवैद्यांना शपथ आठवत होती, पण तिचा अर्धा भाग बहुधा सैन्यातल्या शपथेचा होता. मेणबत्ती शपथेआधी लावायची की नंतर, यावर दोघांची जुंपली.

"नंतर! उमेदवाराला अंधारातच बोलायचं असतं!" रॉय केंड्रिक ओरडले.

"रॉय, तुझ्या दीक्षेच्या रात्री वीज गेली होती. म्हणून तुला अंधार आठवतोय."

ॲरिझोनाचे एक गृहस्थ डोळे मिटून, छातीवर हात ठेवून सगळा विधी म्हणत होते. पण त्यांचा आवाज बंद होता. कोल्बीने खुणा करकरून तो सुरू करून घेतला, तेव्हा ते म्हणाले, "आता नाही आठवत. एका दमातच येतं ते."

अखेर सहाही जणांचं एका गोष्टीवर एकमत झालं. हार्लन स्टोल्ट्झला विचारा. एकसष्ट सालापासून प्रत्येक दीक्षा त्यानेच दिली होती. वहीकडे तो बघतही नसे.

"आज आला कसा नाही?" हॅस्केल म्हणाले. "हार्लन कधी चुकवत नाही."

चार वाजता गॅरेटने स्टोल्ट्झांच्या शेतावर फोन लावला. तो हार्लनच्या बायकोने, व्हर्नाने उचलला.

"हार्लन गेला रे पोरा. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला."

"आम्हाला कुणी... कळलंच नाही, मिसेस स्टोल्ट्झ."

"मी केला होता की फोन. तुमच्या घरचा तो भिंतीवरचा. चारदा वाजवला. अंत्यविधीला दहा माणसांना परवानगी होती. सात आली. तू कशाला केलास?"

"सहजच," गॅरेट म्हणाला.

"आज शुक्रवार. मुलं सहज म्हणून म्हाताऱ्यांना फोन करत नाहीत. बोल."

त्याने सांगितलं. वही, ब्लीच, सहा वाजता, मायलो. सगळं ऐकून व्हर्ना हसली. ते हसू खोकल्यासारखं होतं.

"मेणबत्ती शपथेआधी," ती म्हणाली. "लिहून घेऊ नकोस, चालत नाही. मी सांगते तसं म्हण."

"तुम्हाला... येतं?"

"नऊ वर्षांपूर्वी तो मधेच विसरायला लागला. कुणाला सांगायची लाज, म्हणून सगळं माझ्याकडून पाठ करून घेतलं. मग विधीच्या झग्याच्या खिशात चालू फोन ठेवायचा, त्याचा आवाज कानातल्या यंत्रात. मी इथे स्वयंपाकघरात बसून एकेक ओळ सांगायचे. तुझी दीक्षा कधीची?"

"दोन हजार अठरा."

"हां. त्या दिवशी ओव्हनमध्ये मक्याची भाकरी होती माझी. तुझ्या शपथेच्या वेळी करपली."

गॅरेटने मनातल्या मनात हिशेब केला. नियमाप्रमाणे गेल्या नऊ वर्षांतली प्रत्येक दीक्षा रद्द होती. तो सभासद नव्हता, कोल्बी नव्हता. रिकाम्या शाखेचा रिकामा अध्यक्ष तेवढा होता. त्याने कोल्बीकडे पाहिलं. फोन मोठ्या आवाजात लावलेला होता, त्यामुळे कोल्बीनेही ऐकलं होतं.

"मी काही ऐकलं नाही," कोल्बी म्हणाला आणि पडदे ओढायला गेला.

साडेपाचला मायलो डोळ्यांवर पट्टी बांधून गुडघ्यांवर बसला. टेबलावरच्या फोनमधून एकेक ओळ यायची, गॅरेट ती म्हणायचा, मायलो त्याच्यामागून म्हणायचा. आवाज बाईचा आहे हे त्याला न कळणं शक्य नव्हतं. त्याने विचारलं नाही. नऊ महिने न्हाणीघरं घासलेला माणूस नको ते प्रश्न विचारत नाही.

पाच बावन्नला कोल्बी अर्ज भरायला बसला. "दीक्षा देणाऱ्याचा सभासद क्रमांक मागतायत. त्याशिवाय पुढे सरकतच नाही."

"हार्लनचाच घाला," फोन म्हणाला. "चारशे अकरा. नऊ वर्षं मीच वापरतेय तो."

पाच सत्तावन्नला कार्यालयाची पोच आली. शाखा जिवंत होती. टाळी द्यायला तिघांनी हात वर केले आणि महासाथ आठवून तसेच खाली घेतले.

"माझं एक काम कराल?" व्हर्नाने विचारलं. "सभासद गेला की म्हणायचं जे असतं, ते हार्लनसाठी कुणी म्हटलं नाही. मला येतं सगळं. पण ते दीक्षा झालेल्यानेच म्हणायचं असतं."

गॅरेट आणि कोल्बीने एकमेकांकडे पाहिलं. मग दोघांनी मायलोकडे पाहिलं. नियमाप्रमाणे खरी दीक्षा तिघांपैकी कुणाचीच नव्हती, पण निदान मायलोच्या बाबतीत त्यांनी सगळं उघड्या कानांनी केलं होतं.

मायलो फोनजवळ उभा राहिला. व्हर्ना एक ओळ सांगायची, तो म्हणायचा. तिसऱ्या ओळीला ती म्हणाली, "जरा हळू. तो घाईचा माणूस नव्हता." मायलो हळू झाला. सात-आठ ओळींनंतर पलीकडून काहीच येईना. तिघंही उभे राहिले. बऱ्याच वेळाने फोनमधून नाक शिंकरल्याचा आवाज आला.

"आता शेवटची ओळ," व्हर्ना कोरड्या आवाजात म्हणाली. "'या बंधूचा क्रमांक आम्ही खोडत आहोत.'"

मायलोने तोंड उघडलं.

"थांब, ती राहू दे," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी लागेल मला तो."