एदेनात खाटीक होता का?

आमच्या चर्चच्या मंडळीच्या प्रीतिभोजनात शांतवनकाका कधी जेवत नाहीत, वाढतात. खांद्यावर पंचा, हातात मटणाच्या रश्श्याची बादली आणि नाक शक्य तितकं दुसरीकडे. "घ्या, लाजू नका," म्हणत पंगत उठेपर्यंत फिरतात आणि मग घरी जाऊन एकटेच वरण-भात खातात.

सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, आमच्या खालच्या मजल्यावर राहणारा हा गृहस्थ पक्का ख्रिस्ती आणि पक्का शाकाहारी. ही जोडी कोणालाच पचत नाही. हिंदू शेजारी विचारतात, "काका, तुमच्यात तर सगळं चालतं ना?" मंडळीतले लोक कुजबुजतात, "बाप्तिस्मा घेतला, पण जुनं काही सुटलं नाही." काकांचं दोघांना एकच उत्तर: "देवाने पहिल्या माणसांना खायला फळंच दिली. एदेन बागेत खाटीक होता का?"

एकदा आमचे धर्मगुरू, पाळकसाहेब, म्हणाले, "अहो, प्रभूने स्वतः मासळी खाऊ घातली."

काका म्हणाले, "समुद्रकाठची माणसं ती. आपल्याकडे भाजी मिळते."

खरं सांगायचं तर मला काकांची लाजच वाटायची आणि त्यांच्यामागे मीही चेष्टा करायचे. माझ्याकडे पाहुणे मटणावर बसले की हे पाण्याचा ग्लास घेऊन समोर बसणार आणि एदेन बाग उघडणार. गंमत म्हणजे वाद जिंकला तरी चेहरा मात्र चोरी पकडल्यासारखा.

परवा त्यांची आई हरसूलकडच्या गावाहून डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आली. माळकरी बाई. मुलाने तरुणपणी धर्म बदलला, तेव्हापासून त्याच्या घरचं पाणीसुद्धा तिने घेतलेलं नव्हतं. काकांनी सकाळपासून खपून वांग्याची भाजी आणि नागलीच्या भाकरी केल्या होत्या. मी विचारपूस करायला गेले, तर आजी पिशवीतून भाकरीचं फडकं काढत होती.

"माजं मी आणलंय. तुज्या घरात मटणाची भांडी. उगा तुला तरास नको."

आता एदेन बाग येणार, असं मला वाटलं. काकांनी वांग्याच्या भाजीवर झाकण ठेवलं. मला राहवेना. म्हटलं, "आजी, काका मटण खात नाहीत. या घरात ते कधी शिजलेलंच नाही."

आजीने मुलाकडे पाहिलं. "कवापासनं?"

"तू माज्याकडं जेवणार नाय म्हणालीस, तवापासनं."

"मंग सांगितलं का नाय?"

"लाज वाटली. तुला वाटलं असतं, पोरगा माघारी आला. मंडळीत म्हणाले असते, याचा इश्वास अर्धाच हाय." काका फरशीकडे बघत बोलत होते. "मी प्रभूचाच हाय, आई. फकस्त तू जेवावंस म्हणून."

इतकी वर्षं केलेल्या चेष्टेची मला तिथल्या तिथे लाज वाटली. कुठे बघावं तेही कळेना.

आजीने फडकं गुंडाळून पिशवीत ठेवलं. "वाढ."

सगळ्या मंडळीला वाढणाऱ्या त्या हातांनी निम्मी भाजी ताटाबाहेर सांडली. मग काका सवयीने पंचा खांद्यावर टाकून बाजूला उभे राहिले.

"उभा काय? तुजं ताट घे."

काकांना कोणाबरोबर जेवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.