बागूल साहेब आणि रात्रीतून बदलणारे आकडे

आमच्या ऑफिसातले बागूल साहेब रोज संध्याकाळी घरी निघण्याआधी संगणकाच्या पडद्यावरचे आकडे एका लांबट वहीत उतरवून घेत. खाली सही करत, वेळ घालत आणि वही कपाटात कुलूपबंद करत. सकाळी आले की पाणीसुद्धा न पिता वही काढायची आणि एकेक आकडा पडद्याशी ताडून पाहायचा. रात्रीतून आकडे बदलतात, असा त्यांचा संशय होता. कोण बदलतं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पण बदलतात.

"साहेब, रात्री ऑफिसला कुलूप असतं," मी एकदा म्हटलं.

"कुलूप दाराला असतं मॅडम," ते म्हणाले. "आकड्यांना नसतं."

आमचं ऑफिस नाशकात, अंबडला. कारखाना उभा राहण्याआधी त्याचा आराखडा करून देणं हा आमचा धंदा. कुठला पंप कुठे बसणार, कुठून कुठे किती जाडीचा पाइप जाणार, त्यावर कुठला व्हॉल्व्ह लागणार, असलं सगळं. बागूल साहेब पाइपांच्या विभागात चेकर होते. म्हणजे दुसऱ्याने केलेलं काम तपासायचं, बरोबर असेल तर पास करायचं, चूक असेल तर परत पाठवायचं. संशयी माणसाला याहून योग्य नोकरी खुद्द देवालाही शोधून देता आली नसती.

माणूस मूळचा बागलाणातल्या नामपूरचा. वय सत्तावन्न, उंची बेताची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. आडनाव बागूल आणि स्वभाव हा असा, त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना बागुलबुवा म्हणत. त्यांना ते माहीत होतं. फक्त पहिल्यांदा कोण म्हणालं, याचा त्यांचा तपास अजून चालू होता.

"हात कोणाचा?" हा त्यांचा आवडता प्रश्न. टेबलावर ड्रॉइंग आलं की आधी हा प्रश्न, मग चष्मा. पुढेपुढे तो प्रश्न कशालाही लागू लागला. कुणी पेढे वाटले की हात कोणाचा, चहा गोड झाला की हात कोणाचा. एकदा ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे गेलेलं निघालं, तेव्हा त्यांनी स्टूलवर चढून त्याच्या मागची धूळ पाहिली. धुळीत बोटांचे ठसे आहेत का म्हणून.

एका श्रावणात आम्ही सगळे मिळून त्र्यंबकेश्वरला गेलो होतो. देवळाबाहेर चपला चोरीला जातात म्हणून बागूल साहेबांनी एक चप्पल एका हारवाल्याकडे ठेवली आणि दुसरी चार दुकानं सोडून दुसऱ्याकडे. एकच चप्पल कोण चोरणार, हा हिशेब. दर्शन घेऊन आलो तर दुसरं दुकान कुठलं ते त्यांनाच आठवेना. तासभर एका पायात चप्पल घालून ते प्रत्येक हारवाल्याच्या टोपलीखाली डोकावत हिंडत होते. शेवटी चप्पल सापडली, तेव्हा म्हणाले, "बघा, माझी योजना किती पक्की. मलाच सापडली नाय."

अशा माणसापुढे मला ते नवं सॉफ्टवेअर घेऊन जायचं होतं.

पूर्वी आमच्याकडे प्रत्येक विभागाच्या वेगवेगळ्या याद्या असत. एकच पंप, पण एका यादीत त्याची ताकद वेगळी, दुसरीत वेगळी आणि तिसरीत तो पंपच नाही. नव्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांची माहिती एकाच जागी. कुणी काही बदललं तर ते सगळ्यांना तत्काळ दिसणार आणि कुणी, केव्हा बदललं याची नोंदही आपोआप होणार. ते सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मी बागूल साहेबांना हे सगळं उत्साहाने समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे एकाच विहिरीत सगळ्यांनी पोहरे सोडायचे. विहिरीवर पहारा कोणाचा?"

"माझा," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. त्या दिवसापासून त्यांची ती लांबट वही सुरू झाली.

वहीचा मला त्रास नव्हता. त्रास होता तो सॉफ्टवेअरमधल्या दुसऱ्या एका सोयीचा. चेकरने काम परत पाठवलं की ते काम करणाऱ्याच्या नावावर तशी नोंद पडे. आमचे मॅनेजर सोनवणे साहेब दर सोमवारी ती यादी काढत आणि नावं वाचून दाखवत.

याच सुमारास वैशाली गांगुर्डे आमच्याकडे लागली. लग्नाआधी तिने चार वर्षं हेच काम केलं होतं. मग मुलगी झाली, सासू अंथरुणाला खिळली आणि सहा वर्षं घरातच गेली. आता पस्तिसाव्या वर्षी ती पुन्हा कामावर येत होती, सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर. लासलगावकडे कांदा सुकवून त्याची भुकटी करायचा कारखाना उभा राहणार होता. त्यातल्या वाफेच्या पाइपांचं काम तिला दिलं होतं.

पहिल्या सोमवारी यादीत तिचं नाव सात वेळा आलं. दुसऱ्या सोमवारी नऊ वेळा. सगळी कामं बागूल साहेबांनीच परत पाठवलेली. वैशाली मान खाली घालून ऐकत होती. सोनवणे साहेब म्हणाले, "महिनाभर बघू," आणि त्यांच्या 'बघू'चा अर्थ ऑफिसात सगळ्यांना माहीत होता.

मग काय झालं कोण जाणे, तिचं नाव यादीतून गेलंच. एक सोमवार, दोन, तीन. एकही काम परत नाही.

आम्ही दोघी दुपारी एक ते दीड खालच्या कँटीनमध्ये एकत्र डबा खायचो. एके दिवशी भाकरीचा तुकडा मोडताना ती म्हणाली, "ताई, हात बसला बघा माझा. संध्याकाळी एखादा आकडा चुकला की काय अशी शंका घेऊन घरी जाते. दुसऱ्या दिवशी जेवून आल्यावर बघते, तर बरोबरच असतो."

मी "वा" म्हणाले. बागूल साहेबांबरोबर इतकी वर्षं काढल्यावर थोडा संशय आपल्यालाही चिकटतोच. वर गेल्यावर मी तिच्या कामातल्या बदलांची नोंद उघडली. गेले तीन आठवडे जवळजवळ रोज दुरुस्त्या झाल्या होत्या. नाव वैशालीचं. वेळ एक वाजून दहा मिनिटं, एक वाजून वीस मिनिटं. त्या वेळी वैशाली माझ्यासमोर बसून भाकरी खात होती.

मी कुणाला सांगणार नव्हते. पण ती नोंद सोनवणे साहेबांनाही दिसायची, आणि त्यांनी ती त्याच दिवशी पाहिली. "जेवणाच्या सुट्टीत ही खाली असते, म्हणजे हिने आपला पासवर्ड बाहेर कुणाला तरी दिलाय," ते म्हणाले. "नवऱ्याला, नाहीतर जुन्या ओळखीच्या एखाद्याला. दुसराच कुणी हिचं काम करून देतोय. आपले आराखडे बाहेर चाललेत मॅडम. उद्या सकाळी तिच्या हातात पत्र देतो."

"उद्या दुपारपर्यंत थांबा," मी म्हणाले.

ती संध्याकाळ मी सगळ्यांकडे चोरासारखं पाहण्यात घालवली. पाणी प्यायला उठलेला माणूस उगाचच मला वैशालीच्या टेबलाजवळून गेल्यासारखा वाटू लागला. एका माणसाचा मात्र संशय आला नाही. तो पडद्यावरचे आकडे वहीत उतरवत बसला होता.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मी वैशालीला म्हणाले, तू हो पुढे, मी येतेच. सगळे खाली गेल्यावर दहा मिनिटांनी मी हॉलमध्ये आले. वैशालीच्या खुर्चीवर बागूल साहेब बसले होते. मांडीवर ती वही, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि उजव्या हाताच्या एका बोटाने ते कोंबडीने दाणे टिपावेत तसं कीबोर्डवर टिपत होते.

"हात कोणाचा?" मी विचारलं.

ते दचकले, पण उठले नाहीत. "पासवर्ड कीबोर्डखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलाय ताईनं," ते म्हणाले. "तिला रागवा जरा."

"साहेब, तिची नोकरी जातेय आज."

मग मी सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. ते वहीच्या पुठ्ठ्यावरून बोट फिरवू लागले.

"परत पाठवलं तर तिच्या नावावर पडतं," ते म्हणाले. "माझ्या नावानं सुधारलं तर मी सुधारलं असं दिसतं. मग करायचं काय? चुका अडाणीपणाच्या नाय तिच्या. सवय मोडल्याच्या आहेत. दोन महिने मिळाले तर येईल हात. पण सोमवारी सोमवारी नाव वाचलं की माणूस आणखी चुकतो."

"तुम्हाला कसं माहीत?"

ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "माझी पहिली नोकरी इथंच नाशकात, सातपूरला. नामपूरहून आलेलो. तिथला चेकर माझं ड्रॉइंग सगळ्यांना दाखवून वाचायचा. तीन महिन्यांत काढलं मला. घरी सांगितलं नाय. मोठ्या भावाकडे राहायचो, वहिनी रोज डबा द्यायची. डबा घेऊन निघायचो आणि दिवसभर एसटी स्टँडच्या बाकावर बसायचो. गाड्यांच्या पाट्या वाचत. दीड महिना. संध्याकाळी घरी जाऊन सांगायचो, आज लय काम होतं."

ते हे अगदी सपाट आवाजात म्हणाले. पण माझ्याही डोक्यात एक गोष्ट टोचत होती.

"साहेब, तुम्हीच सुधारता आणि तुम्हीच पास करता. मग तपासतं कोण?"

मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि म्हटलं, "उघडा, काल सुधारलेलं बघू." त्यांनी वही धरली, मी पडद्यावरून वाचू लागले. पाचवी ओळ. वाफेच्या मुख्य पाइपवरचा व्हॉल्व्ह. वहीत परवा संध्याकाळी उतरवलेली वैशालीची नोंद होती, सोळा बार दाब सोसणारा. ती बरोबर होती. शेजारचा दुसराच आकडा सुधारताना साहेबांच्या त्या एका बोटाने ह्या सोळातला पुढचा एकचा आकडा उडवला होता. पडद्यावर उरला होता सहा. आणि त्यापुढे बागूल साहेबांनी स्वतःच पास केल्याची खूण.

सोळाच्या जागी सहाचा व्हॉल्व्ह, आत वाफ, आणि बाहेर काम करणारी माणसं.

"हाई काय शे," ते पुटपुटले. इतक्या वर्षांत ऑफिसात त्यांच्या तोंडून अहिराणी आलेली मी पहिल्यांदा ऐकली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि तो आकडा पुन्हा पाहिला. "सुधारल्यावर पुन्हा ताडून बघितलं नाय मी. दुसऱ्यांचं बघितलं. माझं मी केलेलं, म्हणून बघितलं नाय."

आम्ही तो आकडा तिथल्या तिथे दुरुस्त केला नाही. ते वही घेऊन उठले आणि सरळ सोनवणे साहेबांच्या केबिनमध्ये गेले. दार बंद झालं. अर्ध्या तासाने बाहेर आले ते ताठ चालत, पण रंग गेलेला. त्यांनी सगळं स्वतःच सांगितलं होतं, व्हॉल्व्हसकट.

महिनाभरासाठी त्यांचा पास करायचा अधिकार काढून घेतला. बावीस वर्षं चेकर असलेला माणूस आता फक्त पाहू शकत होता. वैशालीला पत्र दिलं नाही, पण तिचं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं आणि साहेबांनी लपवलेल्या सगळ्या चुका तिच्या नावावर आल्या. एकोणतीस.

मला वाटलं होतं ती त्यांचे आभार मानेल. ती त्यांच्या टेबलाजवळ गेली.

"सर, तुम्ही मला एकदा विचारायचं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, मला जमायला लागलं. घरी सांगितलं मी तसं. मुलीला सांगितलं."

ती वळून आपल्या जागेवर गेली. दोन दिवस दोघांत शब्द नव्हता. या दोन दिवसांत साहेबांनी ना वही उघडली ना कुणाच्या चहाची चौकशी केली. शेजारच्या टेबलावरच्या एकाने मला हळूच विचारलं, "बागुलबुवा आजारी आहेत का?"

तिसऱ्या दिवशी मी कपाटातून फाइल काढायला उठले. वळून पाहते तर माझी खुर्ची नाही. बागूल साहेब ती दोन्ही हातांनी उचलून, न विचारता, हॉलच्या दुसऱ्या टोकाला घेऊन चालले होते. त्यांच्या टेबलाजवळ दुसरी खुर्ची कधी नव्हतीच. तिथे कुणी बसत नसे. त्यांनी खुर्ची आपल्या खुर्चीशेजारी ठेवली, रुमालाने झटकली आणि वैशालीच्या टेबलापाशी जाऊन उभे राहिले.

"ताई, तुमचं ड्रॉइंग घेऊन या," ते म्हणाले. "पास करायचा अधिकार नाय मला आता. पण शेजारी बसायला कुणाची परवानगी लागत नाय."

तिने आधी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. मग उठली, ड्रॉइंग घेतलं आणि त्यांच्यामागोमाग गेली.

मी फाइल उभ्यानेच उघडली. हॉलच्या त्या टोकाकडून साहेबांचा आवाज येत होता, नेहमीपेक्षा पुष्कळ खालच्या पट्टीत.

"हा व्हॉल्व्ह इथंच का घेतला ते सांगा. सावकाश सांगा. चुकलं तरी चालेल."