तिसऱ्या मजल्यावरचे क्रेनवाले अप्पा

आमचे अप्पा तुम्हाला रस्त्यात समोरून भेटले, तर तुम्हाला ओळखणार नाहीत. राग मानू नका. फक्त मान खाली घालून टाळू दाखवा. लगेच म्हणतील, "अरे, सर व्हय! मागनं टक्कल वाढलंय की ओ तुमचं." माझं टक्कल कुठल्या बाजूला सरकतंय हे माझ्या बायकोपेक्षा अप्पांना जास्त ठाऊक. जुळे सोलापुरातल्या आमच्या अख्ख्या इमारतीला ते असंच वरून ओळखतात.

याला कारण त्यांची नोकरी. सिद्रामप्पांचा, म्हणजे आमच्या अप्पांचा, जन्म मुंबईजवळच्या मोठ्या बंदरात क्रेनवर गेला. जहाजातला कंटेनर उचलायचा आणि खाली उभ्या ट्रेलरवर ठेवायचा. क्रेनची केबिन आमच्या इमारतीपेक्षा कितीतरी उंच. तिच्या तळाला काच. त्या काचेतून, दोन पायांच्या मधून, दिवसभर खाली बघत बसायचं. मान वाकली ती वाकलीच.

कंटेनरला अप्पा डबा म्हणतात. "डब्यात काय हाय ते आमाला कुटं कळतंय? आपल्या सोलापूरचे टॉवेल असतील, न्हायतर काचा असतील. आपण काचाच हायेत म्हणून ठिवायचं. आवाज आला की काम बिघडलं."

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. सकाळी भाजीवाली आली की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोरीला बांधलेली टोपली खाली यायची. वाऱ्यानं हलली तर अप्पा दोरी धरून थांबायचे, आणि ती शांत झाल्यावरच पुढं सोडायचे. भाजीवाली खोळंबायची, बडबडायची, पण अप्पांना घाई नव्हती. तळमजल्यावरच्या माझ्या दारापुढच्या पायरीवर एक मांजर झोपलेलं असे. टोपली त्याच्या शेजारी टेके आणि त्याचा कानसुद्धा हलत नसे. मग वरून प्रश्न यायचा, "टेकली का?"

"टेकली."

"आवाज?"

"नाही आला."

हे ऐकल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरायचा नाही. एकदा मी गंमत म्हणून "आला बरं का थोडा" असं म्हणून गेलो. दुपारी त्यांच्या बायको, गौराक्का, गॅलरीतून ओरडल्या, "सर, खोटं बोललो म्हणून सांगा की ओ त्येंना! सकाळधरनं जेवले न्हाईत. भाकरी वाळून चाललीया." मी अंगणात उभं राहून माफी मागितली, तेव्हा कुठं अप्पा जेवले.

नोकरीची वर्षं शिल्लक असतानाच त्यांनी ती सोडली होती. बंदरात नव्या क्रेन आल्या, त्यांच्यावर माणूसच नाही. चालवणारी पोरं लांब एका गार खोलीत पडद्यासमोर बसतात आणि हातातली दांडी हलवतात. जहाजं मोठी झाली, डबे वाढले, वर चढणारी माणसं मात्र कमी झाली. अप्पांनाही त्या खोलीत बसवून पाहिलं. "पोरं हुशार हायेत. आमच्यापेक्षा जास्त डबे काडत्यात," हे ते मोकळेपणानं सांगतात. "पन वर हुतो तवा मला खुर्चीतनं कळायचं, दोरावर वजन कसं बसलंय ते. पडद्यावर दिसतं सगळं, कळत कायबी न्हाय." हे बोलताना ते माझ्या चपलांकडे बघत असतात. त्यामुळे त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत काय असतं, ते मला कधी दिसलेलं नाही.

सोलापूरला परत आल्यावर त्यांनी हट्टानं सगळ्यात वरचं घर घेतलं. जमिनीवर म्हणे झोप येत नाही. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. गौराक्कांचे गुडघे मात्र त्या जिन्यानं कामातून गेले आणि हळूहळू त्यांचं खाली येणंच बंद झालं. भाजी वर जायची, दळण खाली यायचं, शेंगाचटणीची वाटी माझ्या घरी उतरायची. आक्का तेवढ्या वरच. "मी काय डबा हाय व्हय, वर ठिवून दिलाय त्यो?" असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायच्या. आम्ही हसायचो, अप्पाही हसायचे.

आक्कांना फार काही नको होतं. माझ्या दारापुढच्या पायरीवर बसून शेंगा फोडायच्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "कुटं चाललाव?" म्हणून विचारायचं होतं.

मी मुलीकडे पुण्याला राहायला जायचं ठरवलं, तेव्हा आक्कांनी वरूनच हाक दिली, "सर, घर दुसऱ्या कुणाला देऊ नका. आमीच घेणार." अप्पा घर बघायला आले. हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि फरशीकडे बघून घामाघूम झाले. "हितनं खालचं कायच दिसत न्हाय की ओ." असे दोन-तीनदा येऊन गेले. शेवटी एकदाचे कबूल झाले. "दिवाळी झाली की उतरतो खाली. तिला सांगितलंय." आक्कांनी त्याच दिवशी भुईमुगाच्या शेंगांची पिशवी टोपलीतून वर ओढून घेतली.

दिवाळीच्या आधीच, झोपेत, आक्का गेल्या.

लिंगायतांमध्ये माणसाला बसवून नेतात. आक्कांना हिरवी साडी नेसवली, कपाळाला विभूती लावली आणि खुर्चीत बसवलं. होटगीहून आलेल्या त्यांच्या भाच्यांनी खुर्ची उचलली. आमचा जिना अरुंद, त्याची वळणं अडचणीची. पोरं भांबावली होती. पहिल्याच वळणावर खुर्ची भिंतीला लागणार, एवढ्यात वरून आवाज आला. "थांबा!"

अप्पा वरच्या कठड्यावरून वाकून खाली बघत होते. "हलालीय ती. हलायची थांबू दे आदी." पोरं थांबली. "आता सोडा. हळू. जरा डावीकडं. आणिक डावीकडं. घाई न्हाय कुणाला." अख्खा जिना त्यांनी तिला तसं उतरवलं. शेवटी पोरांनी खुर्ची माझ्या दारापुढच्या पायरीवर ठेवली.

"टेकली का?" वरून प्रश्न आला.

मला रडू आवरत नव्हतं, पण उत्तर माझंच होतं.

"टेकली, अप्पा."

"आवाज?"

"नाही आला हो."

मग ते कठडा धरत धरत खाली आले आणि पायरीच्या खाली, अंगणात, चक्क जमिनीवर बसले. इतक्या वर्षांत त्यांना मान वर करताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्यांना ते जमत नव्हतं. एका हातानं मागं टेकू घेऊन त्यांनी कशीबशी मान उचलली आणि आक्कांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

"बरोबर हुतं गं तुजं," ते म्हणाले. "हितं बरं हाय की."