एकदाच विचारलं

मंगळवारी सकाळी सव्वानऊला वृद्धाश्रमाच्या नव्या व्यवस्थापक केंड्राने दार वाजवलं, तेव्हा आर्डिस टोलेफ्सरुड बुटांखाली लावलेले, बर्फावर चालायचे काटे सोडवत बसली होती. नुकतीच ती पार्किंग ओलांडून नवऱ्याला नाश्ता भरवून आली होती. बाहेर शून्याखाली बावीस होतं आणि नाकाचा शेंडा अजून जाग्यावर आहे की नाही, याची तिला खात्री वाटत नव्हती.

"मॅम, नव्या इमारतीतला कोपऱ्यावरचा दोनशे चार नंबरचा ब्लॉक," केंड्रा हातातल्या टॅबकडे बघत म्हणाली. "मिस्टर टोलेफ्सरुडना पुढच्या महिन्यात तिथेच हलवतोय ना, त्यांच्या विभागाच्या अगदी समोरचं दार. पहिला हक्क तुमचा. हवाय?"

अकरा महिने आर्डिस या प्रश्नाची वाट बघत होती. पाया खणायला सुरुवात झाली त्या दिवशी तिने खिडकीशी खुर्ची ओढली होती, ती अजून तिथेच होती. दोनशे चारला कुठल्या रंगाचे पडदे लावायचे, हेसुद्धा तिचं ठरलं होतं.

"अगं, नको," ती म्हणाली. "मला कशाला? कुणा गरजूला दे."

"ओके, मॅम." केंड्राने टॅबवर बोट टेकवलं आणि ती निघून गेली.

आर्डिसचं तोंड उघडंच राहिलं. दुसरा नकार जिभेवर तयार होता. त्याच्यामागे तिसऱ्या वेळचं "बरं बाई, तू एवढं म्हणतेसच तर" उभं होतं. दोन्ही तसेच गिळावे लागले.

हॅलंड लेक गावात एकदा विचारणं म्हणजे विचारणंच नव्हे. आधीची व्यवस्थापक मार्लिस इथलीच होती. ती एकदा विचारायची, मग थंडीबद्दल बोलायची, पुन्हा विचारायची, मग तुमच्या गुडघ्याची चौकशी करायची आणि जाताना, कोटाची बटणं लावता लावता, तिसऱ्यांदा विचारायची. तेव्हा कुठे माणूस हो म्हणायचा. संस्थाच मुळी तशी वाढली होती. नव्वद वर्षांपूर्वी लुथरन चर्चच्या पास्टरच्या बायकोने चार एकट्या म्हाताऱ्यांना आपल्या माडीवर राहायला बोलावलं. चौघींनी दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा ट्रंका घेऊन आल्या. मग शेजारच्या गावच्या चर्चने "आमच्याकडेही असं काही कराल का" म्हणून विचारलं, त्यांनाही आधी दोनदा नकार मिळाला. अशी नको-नको करत चार राज्यांत सतरा घरं झाली. केंड्रा मात्र टेक्सासहून आली होती, सहा आठवड्यांपूर्वी. तिच्याकडे टॅब होता आणि टॅबमध्ये 'हो' आणि 'नाही' एवढे दोनच चौकोन होते.

आर्डिसला काही बसवेना. ती उठली, बसली, पुन्हा उठली आणि शेजारच्या लव्हॉनकडे गेली.

"ती पोर तुझ्याकडे आली होती का गं?"

"आली होती की. तळ्याकडची खोली देत होती." लव्हॉन विणकाम करत होती, पण टाके निसटत होते. "मी म्हटलं, छे, एवढं मोठं तळं घेऊन मी काय करू?"

"मग?"

"मग काय? गेली!" लव्हॉनने सुया मांडीवर आपटल्या. "मला वाटलं, वळेल. दारापर्यंत वळेल, जिन्यापर्यंत वळेल. मी दार उघडं ठेवून बसलेय सकाळपासून. गारठले."

दुपारच्या जेवणाला सगळा उलगडा झाला. त्रेचाळीस जणांना विचारलं होतं आणि त्रेचाळीस जणांनी नको म्हटलं होतं. वर्नर होकनसनने तर खोकी भरून दोरीने बांधलीसुद्धा होती. "सहज," तो म्हणाला. "धूळ झटकायला बरं पडतं." ताटातली हॉटडिश गार झाली तरी कुणी धड जेवेना. कुणालाच घर नको होतं, आणि सगळ्यांचा चेहरा घर हातचं गेल्यासारखा होता.

"तू जाऊन सांग तिला," लव्हॉन म्हणाली. "तुझ्याकडे निदान कारण तरी आहे."

आर्डिस बुधवारी केंड्राच्या ऑफिसात गेली. तिच्या मते तिने अगदी उघड उघड सांगितलं.

"तो दोनशे चार छानच असणार, नाही?"

"खूप छान आहे, मॅम."

"कुणाला तरी मिळेल. नशीबवान असेल ती."

"हो ना!" केंड्रा हसली. पोर मनाची चांगली होती, तीच तर पंचाईत होती. "कॉफी घेणार?"

"नको गं, तुला कशाला त्रास."

केंड्राने स्वतःपुरती कॉफी ओतून घेतली. आर्डिस वीस मिनिटं तिला कॉफी पिताना बघत बसली आणि परत आली.

गुरुवारी सूचनाफलकावर कागद लागला. नव्या इमारतीला इथल्या रहिवाशांकडून एकही मागणी नाही. तेव्हा शुक्रवारी विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष येऊन सर्व घरं संस्थेच्या आयोवामधल्या प्रतीक्षायादीला देतील.

"आयोवा!" वर्नर म्हणाला. "ते तर पहिल्यांदा विचारल्यावरच हो म्हणतात."

त्या सकाळी आर्डिसच्या नवऱ्याचा, ऑर्विनचा, दिवस बरा होता. बरा म्हणजे, आर्डिस कोण हे त्याला आठवत नव्हतं, पण ती आलेली त्याला आवडली होती. तो तिला 'गार हातांच्या बाई' म्हणायचा.

"तुम्ही एवढ्या बर्फातून रोज येता," तो म्हणाला. "इथेच जवळ का राहत नाही?"

"नव्या इमारतीत देत होते. मी नको म्हटलं."

"कितीदा विचारलं?"

"एकदाच."

ऑर्विनचा चमचा हवेतच थांबला. मुलांची नावं गेली होती, लग्नाचं वर्ष गेलं होतं, पण हे गेलं नव्हतं. "एकदाच?" तो म्हणाला. "मग ते विचारणं कसलं?"

आर्डिसने तोंड खिडकीकडे वळवलं. पार्किंगमध्ये काल ती घसरली होती ती जागा दिसत होती. मांडीवरचा निळा डाग तिने कुणालाच दाखवला नव्हता. हाड मोडलं, तर सकाळी येणार कोण?

परतल्यावर तिने लव्हॉनला तेवढंच सांगितलं, की काल पडले. लव्हॉनने विणकाम बाजूला ठेवलं आणि ती तडक केंड्राकडे गेली, तिला इथली रीत समजावायला. तडक म्हणजे तिच्या मावसभावाच्या ट्रॅक्टरपासून सुरुवात झाली. तासाभराने मुद्दा आला.

"म्हणजे 'नको' याचा अर्थ 'हो'?" केंड्राने डोकं धरलं.

"तसं नाही गं. पहिलं नको म्हणजे नुसते नमस्कार-चमत्कार. दुसरं नको म्हणजे विचार चाललाय. तिसऱ्यांदा विचारलंस, की खरं काय ते कळतं."

"आणि कुणी पहिल्या झटक्यात हो म्हटलं तर?"

लव्हॉनने बराच वेळ विचार केला. असं कधी घडल्याचं तिला आठवेना. "तर त्या माणसाला बरं नसणार," ती म्हणाली.

केंड्राने ते टॅबमध्ये लिहून घेतलं.

शुक्रवारी जेवणघरात सगळे जमले. अध्यक्ष स्टेनरसन जन्माने इथलेच. त्यांना काय घडलंय ते कागद बघताच कळलं होतं. पण केंड्राला चारचौघांत चूक दाखवणं त्यांच्याने होईना. "हं," ते घसा खाकरून म्हणाले, "हे जरा निराळं आहे." याहून कडक शब्दांत ते आयुष्यात कुणाला बोलले नव्हते. केंड्राला वाटलं, शाबासकी मिळाली.

ती माईकपाशी आली. आज तिची तयारी पक्की होती. प्रत्येकाला तीन-तीनदा विचारायचं, मध्ये थंडीबद्दल बोलायचं. यादी वरपासून सुरू झाली. "मिसेस टोलेफ्सरुड. दोनशे चार. हवाय का?"

आर्डिसला गुरुवारच्या या तासाभराच्या शिकवणीची काही कल्पना नव्हती. तिने रात्री अंथरुणात कूस बदलत एकच वाक्य घोकलं होतं. ती उभी राहिली.

"हो," ती म्हणाली. "मला हवाय."

चमचे थांबले. मागे कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. लव्हॉनने डोळे मिटून घेतले. एकोणऐंशी वर्षांची आर्डिस, चर्चमध्ये स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या गटाची तीस वर्षं प्रमुख, आणि सगळ्यांदेखत सरळ हो म्हणाली!

केंड्राने टॅब बघितला, मग आर्डिसकडे बघितलं आणि हळूच नर्सला खूण केली. नर्स रक्तदाबाचा पट्टा घेऊन धावत आली.

"बसा हं, मॅम. चक्कर येतेय का? आजचा वार सांगता?"

"शुक्रवार. आणि मला दोनशे चार हवाय."

"दुसऱ्यांदा म्हणाल्या," नर्स कुजबुजली.

"मला ऑर्विनजवळ राहायचंय!" आर्डिसचा आवाज चढला, फाटला. "मी बुधवारी बर्फावर पडले. मला तो बर्फ रोज ओलांडायचाच नाहीये आता. हवाय, हवाय, हवाय!"

रक्तदाब एकशे अठ्ठावीसवर शहात्तर निघाला. अध्यक्ष उठले, तिच्यापर्यंत चालत आले आणि त्यांनी यादीवर स्वतःच्या हाताने तिचं नाव लिहिलं. मग उरलेल्या बेचाळीस जणांना विचारायला संध्याकाळचे पाच वाजले. थंडीबद्दल बोलण्यासारखं काही शिल्लक राहिलं नाही. वर्नरने तिसऱ्यांदाही नको म्हटलं, तेव्हा केंड्राने त्याला चौथ्यांदा विचारलं. ही पद्धत इथेही नवी होती, पण लोकांना आवडली.

फेब्रुवारीत एका सकाळी आर्डिस चपला घालून घराबाहेर पडली आणि सहा पावलांत ऑर्विनच्या दाराशी पोचली. हात गरम होते. कदाचित म्हणूनच त्याने तिला ओळखलं नाही, गार हातांच्या बाई म्हणूनसुद्धा नाही. तो टेबलाशी एकटाच बसला होता. कुणीतरी दारात उभं आहे म्हटल्यावर तो रीतीप्रमाणे अर्धवट उठला.

"नाश्ता करणार का माझ्याबरोबर?"

"हो," आर्डिस म्हणाली आणि बसली.

ऑर्विन दचकला. त्याने तिच्याकडे नीट निरखून पाहिलं, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर दया आली.

"तुम्ही इथल्या नाही वाटतं," तो हळू आवाजात म्हणाला, आणि लोण्याची बशी तिच्याकडे सरकवली.