वन्यजीवमित्र आणि विहिरीतली बाज

वन्यप्राणी सगळे मिळून वाचवतात आणि सत्कार एकाचाच होतो, हा निसर्गनियम आहे. कारण शाल एकच आणलेली असते.

गोंडपिपरीजवळच्या एका गावात इतवारीभाऊच्या विहिरीत बिबट्या पडला. अशा वेळी वनखात्याची गाडी येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही, विहिरीत बाज सोडायची, अशी आमच्याकडची पद्धत आहे. बिबट्या बाजेवर चढतो, लोक दोर ओढतात, तो काठाशी येतो आणि मग लोक व बिबट्या विरुद्ध दिशांना पळतात. (या टप्प्यावर उभयपक्षी पूर्ण एकमत असतं.) बाज शेजारच्या म्हातारीची होती. वरची गोधडी काढून घेऊन तिने ती लगेच दिली.

पुढे एका प्रतिष्ठानाने 'वन्यजीवमित्र' पुरस्कार जाहीर केला. अट साधी होती: प्राण्यासोबतचा फोटो जोडावा. दोर ओढणाऱ्यांचे हात दोरात गुंतलेले, त्यामुळे त्यांचं योगदान सिद्ध होईना. पुरावा फक्त सरपंचांच्या भाच्याकडे, विक्कीकडे होता. तो भीतीने मोहाच्या झाडावर चढला होता आणि तिथून त्याने सेल्फी काढला होता. त्यात बिबट्याची शेपूट स्पष्ट दिसते. शिवाय एवढ्या उंचीवरून संवर्धन करणारा तालुक्यातला तो पहिलाच, हेही समितीने विचारात घेतलं.

सोहळ्यात बाज हार घालून मंचावर ठेवली होती, शेजारी 'हात लावू नये' अशी पाटी. म्हातारी ती परत मागायला आली, तेव्हा आयोजकांनी तिला समजावलं की आता ही बाज राहिली नसून वारसा झाली आहे.

"वारसा ठेवा तुमच्यापाशी," ती म्हणाली. "मले बाज द्या भाऊ. खाली झोपून झोपून माही कंबर दुखून राह्यली."

यावर अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. ती हार बाजूला सारून बाजेवर आडवी झाली आणि भाषण दर्जेदार असल्याने तिला लगेच झोप लागली. तेव्हा इतवारीभाऊ आणि दोर ओढणारे तिघे मंचावर चढले, त्यांनी बाज तिच्यासकट उचलली आणि गावाची वाट धरली. सभागृहाला वाटलं, कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या थांबेनात. मला तर फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: 'वन्यजीवमित्र विक्की, मागे एक वृद्धा.' बातमीदाराने निदान तिचं नाव विचारायचं होतं, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणालो, म्हणून ही सगळी गोष्ट मुद्दाम तिचं नाव न घेता सांगून पाहिली. तुमचं कुठे अडलं नाही. विक्कीचं नाव मात्र लक्षात असेलच.