तै अमावास्येची पार्टी बोट

"अप्पा, बोटीवर डान्स असला तर तुम्ही वेष्टी नेसूनच नाचणार का?"

रविवारी दुपारी, अप्पांच्या पानात तिसरा भात पडत असताना शांभवीनं हे विचारलं आणि ताबडतोब पेलाभर पाणी प्यायली, कारण पुढं काय होईल हे तिलाही ठाऊक नव्हतं. प्रश्न तिचा नव्हताच मुळी. वाणी आणि संगीता या दोघी मैत्रिणींनी शाळेतून येताना सायकली थांबवून तिच्याशी पैज लावली होती, "एवढं तुझ्या अप्पांना विचारून दाखव, मग आम्ही मानू की तू खरंच समुद्रात तोंड घालणार!" अकरावीच्या निम्म्या वर्गाला शांभवीनं सांगून ठेवलं होतं, की आपण डोळ्यांवर काच आणि तोंडात नळी लावून समुद्राच्या तळाचे मासे बघणार. स्नॉर्केलिंग हा शब्द ती दिवसातून दहादा म्हणायची. नुसता म्हणायलासुद्धा काय मस्त होता!

अप्पा, म्हणजे कलेक्टर ऑफिसातले हेडक्लार्क रामस्वामी राव, शांतपणे म्हणाले, "नाचणार कोण?"

"कुपनावर लिहिलंय. पार्टी क्रूझ. म्युझिक, भोजन आणि स्नॉर्केलिंग. पाच जणांना."

हे कुपन अम्माला बक्षीस लागलं होतं. त्या वर्षांत तंजावरच्या दुकानांत दर आठवड्याला नवा साबण यायचा. त्यांतल्या एकाची पंचवीस वेष्टनं पाठवली की लकी ड्रॉ. अम्मानं, म्हणजे वसुमतीबाईंनी, मनावर घेतलं आणि दोन महिने घरातल्या प्रत्येकानं दिवसातून दोनदा आंघोळ केली. सांबारालाही लिंबाचा वास यायला लागला, तेव्हा कुठे ती दोन पोटांची पांढरी बोट लागली, कॅटमरान. रामनाथपुरमच्या पुढं समुद्रकाठी नव्यानंच निघालेल्या एका रिसॉर्टची.

"बोटीत बसू," अप्पा म्हणाले. "वारा खाऊ, डबा खाऊ, परत येऊ. पाण्याला कोणी शिवायचं नाही."

"अप्पा! मग स्नॉर्केलिंग?"

"समुद्राला उठल्यासुटल्या शिवायचं नसतं गे. लांबून नमस्कार करायचा. पर्वकाळ असला तरच स्नान."

दुसरी एखादी मुलगी इथं रडली असती. पण शांभवी दिवाळीनंतरची शांभवी होती. दिवाळीच्या सुमारास शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तिनं दोन बारावीच्या मुलांना गार केलं होतं. खरकट्या हातानंच ती उठली, भिंतीवरचं कॅलेंडर डाव्या हातानं उलटलं आणि वीस जानेवारीवर बोट ठेवलं.

"हा काळा गोळा म्हणजे अमावास्या ना, अप्पा? अमावास्या म्हणजे पर्वकाळ ना?"

"होय, पण..."

"आणि शनिवार आहे. ऑफिसला सुट्टी."

अप्पांनी अम्माकडे पाहिलं. अम्मानं ताकाकडे पाहिलं. शांभवी जिंकली!

जिंकायच्या घाईत तिनं फक्त एक पाहिलं नाही. गोळ्याखाली बारीक अक्षरांत आणखी एक शब्द होता. ती साधी अमावास्या नव्हती, तै अमावास्या होती. त्या दिवशी सगळा तमिळ मुलूख पितरांना तिळाचं पाणी द्यायला समुद्राकडे धावतो.

बातमी पापनाशमला पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी वेंकूबाई अत्या, अप्पांची थोरली बहीण, नऊवारीचा काष्टा सावरत सकाळच्या बसनं हजर. वय अडुसष्ट, पोंगलच्या आधीच मोतीबिंदू काढलेला, डोळ्यावर हिरवा चष्मा.

"तै अमावास्या, वर समुद्र, आणि मला सांगावंसं नाही वाटलं तुला, रामू?"

"अक्का, ती पार्टी बोट आहे."

"असू दे की. समुद्र तोच ना?"

मग अप्पांनाही वाटलं, एवढ्या मोठ्या दिवशी समुद्रावर जायचं आणि तर्पण न करता यायचं, हे काही बरं दिसत नाही. तर्पण म्हटलं की सांगणारा हवा. म्हणून घरचे पुरोहित गुरुराज शास्त्री. कुपनावरचे पाच जण भरले.

"स्नॉर्केलिंगला शास्त्री?" संगीतानं विचारलं.

"ते लाइफगार्ड आहेत," शांभवी म्हणाली.

*

बोट फोटोतल्यापेक्षाही झकास होती. पांढरीशुभ्र, दोन पोटांच्या मधे ताणलेली जाळी, जाळीखाली हिरवं पाणी. बोटीचा यजमान मुरली हाफ पँट आणि फुलाफुलांचा शर्ट घालून, माइक हातात घेऊन दारातच उभा होता. पाहुण्यांत तिरुच्चीचे अकरा रंगविक्रेते होते. त्यांच्या कंपनीनं त्यांना मजा करायला पाठवलं होतं. सगळ्यांनी एकसारख्या पिवळ्या टोप्या घातल्या होत्या.

"हॅलो, हॅलो! आर यू रेडी टू पार्टी?" मुरली ओरडला.

"यस!" रंगविक्रेते ओरडले.

"यस!" शांभवी सगळ्यांत जोरात ओरडली.

तेवढ्यात शास्त्री चढले. उघड्या अंगावर उपरणं, काखेत दर्भाची जुडी, हातात काळ्या तिळांची पिशवी. एका रंगविक्रेत्यानं हळूच टोपी काढली. मग दुसऱ्यानं. सकाळी घरून निघताना आईची, बायकोची बोलणी खाऊनच सगळे निघाले होते, हे त्यांच्या तोंडांवर स्पष्ट दिसत होतं.

बोट किनाऱ्यापासून बरीच आत जाऊन, प्रवाळाच्या जवळ नांगर टाकून थांबली. मुरलीनं सांगितलं, "दीड तास इथं थांबणार. एकच्या ठोक्याला परत. नंतर वारा वाढतो." शांभवीनं घड्याळ पाहिलं. साडेअकरा. नव्वद मिनिटं! तिनं काच निवडायला पेटीकडे हात केला, तोच सगळ्यांत जाडजूड रंगविक्रेता शास्त्रींपुढं हात जोडून उभा राहिला.

"सामी, माझे वडील जाऊन चार वर्षं झाली. मलाही सांगाल का मंत्र?"

"या की. बसा."

एक बसला, मग बाकीचे दहाही बसले. भसाभस शर्ट उतरले. खाली बांधलेल्या शिडीवरून एकेक जण पाण्यात बुडी मारून ओलाचिंब वर आला. अप्पा सर्वांत पुढं. मुरलीनं म्युझिक बंद केलं, कारण शास्त्रींनी माइक मागितला होता.

"दक्षिणेकडे तोंड करा," माइकवरून आज्ञा झाली.

सगळे दक्षिणेकडे वळले. बोटही वळली, कारण नांगरावरची बोट वाऱ्याबरोबर फिरते. दोन मंत्र झाले तोवर दक्षिण डावीकडे गेली होती.

"शास्त्री, दक्षिण हलली!" अप्पा ओरडले.

"दक्षिण हलत नाही, रामस्वामी. तुम्ही हललात."

शेवटी मुरली होकायंत्र घेऊन मधोमध उभा राहिला. "थोडं डावीकडे! अजून! बस्स, पितर समोर!" असं तो सांगायचा आणि बारा उघडे पुरुष बसल्या बसल्या एकदम सरकायचे. शांभवीनं घड्याळ पाहिलं. बारा वाजून पाच.

आता तीळ. अम्मा म्हणाली, "तीळ-पाणी घ्यायला घरून दोनच वाट्या आणल्यात. बारा जणांना कशा पुरायच्या गे?"

मुरलीनं इकडेतिकडे पाहिलं. पार्टीसाठी त्याच्याकडे फक्त कागदी पेले होते, ते वाऱ्यानं उडत होते. त्याची नजर पेटीवर गेली. शांभवीनं ती नजर पाहिली.

"नको नको नको," ती म्हणाली.

पण बारा काचा बाहेर आल्या होत्या. रबराच्या कडेच्या, खोलगट, अगदी बेताच्या. पाठीवर निजवल्या की कटोरीच! बघता बघता स्नॉर्केलिंगच्या दहा काचांत काळे तीळ आणि पाणी भरलं गेलं. उरलेल्या दोन जणांना अम्माच्या वाट्या. दोनच काचा शिल्लक राहिल्या. त्यातली एक मुरलीनं उचलली, तिच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि स्वतःही तीळ घेऊन रांगेत शेवटी बसला. फुलाफुलांचा शर्ट त्यानं नीट घडी करून बाजूला ठेवला.

"माझे वडील इथंच मासे धरायचे," तो हळू आवाजात म्हणाला. "या दिवशी मला नेमकी ड्यूटी असते."

"बस बाळा," शास्त्री म्हणाले. "नाव सांग त्यांचं."

शांभवीनं उरलेली एक काच छातीशी घट्ट धरली. साडेबारा.

तर्पण संपलं. ती शिडीकडे धावली, आणि मागून आवाज आला, "थांब गे. आधी मोठ्यांचं स्नान."

वेंकूबाई अत्या पदर खोचून तयार होती.

"अक्का, डोळ्याच्या डॉक्टरांनी पाणी लावू नको म्हटलंय!" अप्पा म्हणाले. "आणि ते खारं पाणी!"

"मग एवढ्या लांब मी काय वारा खायला आले?"

मुरली तज्ज्ञासारखा पुढं झाला. "पाटी," आजीला तमिळमध्ये म्हणतात तसं तो म्हणाला, "डोळ्यांत थेंब जाणार नाही अशी वस्तू आहे आपल्याकडे." बाकीच्या काचा पितरांच्या तिळांनी बरबटल्या होत्या, म्हणून त्यानं शांभवीच्या हातांकडे बोट दाखवलं.

शांभवीनं काच आणखी घट्ट धरली. मग अत्याकडे पाहिलं. अत्या कधी काही मागत नसे. आत्ताही मागत नव्हती. नुसती उभी होती, हिरवा चष्मा हातात घेऊन, डोळे मिचकावत. शांभवीनं काच दिली.

"चेहरा झाकून स्नान चालतं का?" अप्पांनी शास्त्रींना विचारलं.

शास्त्रींनी विचार केला. "डोकं भिजलं म्हणजे झालं."

अत्याला नारिंगी लाइफजॅकेट चढवलं, नळी तोंडात दिली. शिडीवरून एकेक पायरी ती उतरली. काष्ट्याची नऊवारी पाण्यात अशी नीट बसली, जणू पोहण्यासाठीच शिवलेली. एक बुडी. दुसरी बुडी. तिसऱ्या बुडीला अत्यानं तोंड पाण्यात घातलं आणि वर काढलंच नाही.

"अक्का!" अप्पा ओरडले.

अंबाडा पाण्यावर तरंगत होता. नळी हवेत होती.

"अक्का! मुरली, उडी मार! शास्त्री, काहीतरी म्हणा!"

अम्मा रडायच्या बेतात. अकरा रंगविक्रेते कठड्याला. मुरलीनं उडी मारली, अत्याच्या खांद्याला हात लावला, आणि अत्यानं तो झटकला. डोकं वर आलं. नळी बाहेर आली.

"ओरडताय कशाला मेल्यांनो? ते घाबरून पळतात!"

"कोण पळतं?"

"मासे! निळे आहेत, रामू. पिवळ्या पट्ट्यांचे. इतकी वर्षं मी समुद्रात डोळे मिटून, नाक धरून बुड्या मारल्या. कोणी सांगितलं नाही, खाली एवढं सगळं आहे म्हणून!"

आणि पुन्हा तोंड पाण्यात. वर यायचं नाव नाही. एक वाजायला सतरा मिनिटं, मग बारा, मग नऊ. शांभवी कठड्यावरून वाकून पाहत होती. वर्गातल्या निम्म्या मुलींची तोंडं तिच्या डोळ्यांपुढून गेली. रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही एकाच नाकातून येत होतं.

सात मिनिटं उरली तेव्हा अत्या शिडीपाशी आली, काच काढली आणि हाक मारली.

"शांभवी! ये खाली. तुझी वस्तू आहे ना ही?"

शांभवी जॅकेट घालून चार पायऱ्या धडाधड उतरली. पाचव्या पायरीला पाय पाण्यात गेला आणि थांबला. खाली तळ नव्हता. म्हणजे होता, पण फार खाली. इतके दिवस सगळ्यांना सांगताना तिला एक गोष्ट सुचलीच नव्हती. तिला पोहता येत नव्हतं.

"अत्या, मला पोहता येत नाही," ती कुजबुजली.

"मला तरी कुठं येतंय?"

"मग तू एवढा वेळ..."

"ह्या जॅकेटाला येतं. हात दे."

शांभवीनं हात दिला. काच लावली, नळी दातांत धरली आणि तोंड पाण्यात घातलं. आधी नुसता स्वतःच्याच श्वासाचा घर्रघर्र आवाज. मग सगळं एकदम दिसलं. निळे, पट्ट्यापट्ट्यांचे, तिच्या बोटांच्या मधून आरपार जाणारे मासे. दगडासारखं काहीतरी जिवंत, हलणारं. शेजारी अत्याचे पाय, जांभळ्या नऊवारीत, सावकाश चालल्यासारखे. "अय्यो!" असं ती नळीतूनच ओरडली, घोटभर खारं पाणी प्यायली, खोकत वर आली आणि परत तोंड आत घातलं. असं तीनदा झालं. मग एक वाजला.

दोघींना वर ओढून घेतलं, तेव्हा शांभवीच्या नाकातून पाणी येत होतं. अम्मानं टॉवेल गुंडाळला, डोकं खसाखसा पुसलं. मुरली काचांतले तीळ धुऊन पेटीत ठेवत होता. रंगविक्रेते अम्माच्या चिंचेच्या भातावर तुटून पडले होते, कारण रिसॉर्टच्या जेवणात कांदा होता आणि आज कोणालाच तो चालत नव्हता.

"झालं ना?" अप्पा म्हणाले. "पाहिलंस ना? आता पुन्हा समुद्राचं नाव काढायचं नाही. केवढा घोर लावलात दोघींनी!"

शांभवीनं अत्याकडे पाहिलं. अत्यानं हिरवा चष्मा चढवला आणि हळूच मान हलवली.

"अप्पा, अम्मा, ऐका," शांभवी म्हणाली. तिचे दात वाजत होते, पण आवाज अगदी वक्तृत्व स्पर्धेतला होता. "मी पोहायला शिकणार. घराजवळच्या कालव्यात धरणाचं पाणी अठ्ठावीसपर्यंतच सोडतात, म्हणजे आठ दिवस आहेत. उद्या सकाळी सहाला कालव्याच्या पायऱ्यांवर. अत्या पापनाशमला जात नाहीये, तीही शिकणार आहे. आणि मी विचारत नाहीये, अप्पा. सांगतेय."