भाऊसाहेब मोठे की तात्या?

परवा मी फाट्यावर एक फ्लेक्स लावला. घरात माणूस येईना, म्हणून लावला. (वाचून हसू येईल, मला तेव्हा आलं नव्हतं.)

कासार आंबोलीत माझ्या ओट्यावर रोज संध्याकाळी हैबतराव यायचा. आम्ही शाळेत बरोबर गेलो आणि शाळा सोडलीही बरोबरच. चहा घेता घेता तो एकच वाद काढायचा, भाऊसाहेब मोठे की तात्या. भाऊसाहेब माझे, तात्या त्याचे. (दोघांनाही आम्ही माहीत नाही.) मी म्हणायचो, भाऊसाहेब दूध संघातून वर आले, मंत्री झाले, आपल्याकडं रस्ता आणला. तो म्हणायचा, तात्या मंत्री झाले नाहीत, पण मंत्री कुणी व्हायचं ते तेच ठरवतात. शिवाय तालुक्यातलं एक लग्न की एक मयत त्यांनी चुकवली नाही. "तुझा भाऊसाहेब फिती कापतोय, आमचा तात्या माणसं जोडतोय," इथं येऊन तो थांबायचा. तोवर जेवायची वेळ व्हायची. बायको गेल्यावर माझ्याशी एवढं बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आणि या दोघा पुढाऱ्यांनी युती केली. एकमेकांना पेढा भरवतानाचा फोटो पेपरात आला. त्या दिवशी हैबतरावानं चहा अर्धाच ठेवला. आता काय बोलायचं, म्हणाला आणि उठला. दुसऱ्या दिवशी आला नाही. नंतरही नाही. मी सवयीनं दोन कप चहा करायचो आणि दोन्ही मीच प्यायचो.

मग ठरवलं, याला डिवचायचं. युतीच्या स्वागताचा फ्लेक्स लावायचा, त्यात भाऊसाहेब मोठे आणि तात्या बारीक. हैबतराव भांडायला धावत येणार. पौडच्या फ्लेक्सवाल्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, खाली शुभेच्छुकाचा फोटो लागतोच. बँकेसाठी काढलेला माझा एक होता, तो दिला. पण युती नवी आहे, लहानमोठं केलं तर मार खाऊ, असा विचार त्यानं परस्पर केला. दोन्ही पुढारी वरच्या कोपऱ्यांत सारखेच बारीक बसवले आणि मधल्या मोकळ्या जागेत मला घातलं. एवढा मोठा मी आयुष्यात कधी झालो नव्हतो. डोळे अर्धे मिटलेले, कडेनं झेंडूची फुलं.

सकाळपासून माणसं यायला लागली. एकानं विचारलं, सरपंचाला उभे राहताय काय. एका बाईनं गटाराची तक्रार केली. वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा मनीष, हिंजवडीला कंपनीत जातो, तो म्हणाला, "काका, तुम्ही तर व्हायरल झालात." एवढे सगळे आले, पण ज्याच्यासाठी केलं तोच नाही.

दुपारी आत जरा पडलो होतो. ओट्यावर कुणीतरी नाक ओढल्याचं ऐकू आलं. हैबतरावच होता. त्याला मोतीबिंदू, अक्षरं दिसत नाहीत. लांबून माझं तोंड आणि फुलं तेवढी दिसली होती. आणि आमच्याकडं एवढ्या मोठ्या फोटोत म्हातारा दिसला, की तो बहुधा गेलेला असतो. मांडीवर हार घेऊन तो भिंतीशी बोलत होता.

"भैरू, मी उगंच वाद घातला रं. तुझाच भाऊसाहेब मोठा. मला कुनी कळवलंबी न्हाई."

मी उठलो. तसाच दारात गेलो.

"काय म्हनलास? पुन्यांदा सांग."

तो उठून जवळ आला. माझ्या हाताला हात लावून पाहिला. मग उपरण्यानं डोळे पुसले.

"काय न्हाई. तात्याच मोठा हाय. च्या टाक."

चहा टाकला. जेवायच्या वेळेपर्यंत आम्ही पोटभर भांडलो. युतीत कोण कुणाला गुंडाळणार, हा नवा विषय निघाला. तो पुढची दोन-चार वर्षं पुरेल. जाताना त्यानं हार उचलला. राहू दे, मी म्हणालो, भाऊसाहेबांच्या फोटोला घालतो.

"नगं," तो म्हणाला. "वल्या फडक्यात गुंडाळून ठिवतो. तुझी तब्येत बघता, सुकायच्या आत लागंल."